आम्ही वर गेलो, तर खाली कोण येणार?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका तरुण पंचांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. त्यांच्या प्रभागात म्हादईच्या काठाला लागून ३४ घरांचा वाडा आहे. जुलै २०२१ च्या पुरात त्यातल्या ११ घरांत खिडकीच्या वर पाणी चढलं, बाकीच्यांत कुठे घोटाभर, कुठे गुडघाभर. त्यानंतरही दोनदा अंगणापर्यंत आलं. वरच्या अंगाला थोडी सरकारी जमीन आहे, तिथे प्लॉट पाडून वाडा हलवावा असं पंचायतीच्या मनात आहे. पूर ओसरला तेव्हा सगळे तयार होते. आता बैठकीला निम्मेसुद्धा येत नाहीत, येतात ते गप्प बसतात. "लोकांना बरोबर घेऊन हे कसं करायचं? की त्यांनाच नको आहे असं धरून सोडून द्यायचं?" जाता जाता त्यांनी एका आजींचंही विचारलंय, त्या काही केल्या हलायला तयार नाहीत. त्यांच्याकडे शेवटी येते.

सोडून देऊ नका. पण लोक पूर विसरले म्हणून गप्प झालेत, असंही समजू नका. मी १९९४ पासून पुनर्वसनाच्या या कामात आहे आणि हे वेळापत्रक मला पाठ झालंय. घरात चिखल असतो, तांदळाचा डबा वाहून गेलेला असतो, तेव्हा "आम्हाला वर न्या" म्हणायला कोणाला काही लागत नाही. मग चवथ येते. भिंतींना रंग लागतो, माटोळी बांधली जाते, वास्को-मुंबईचे भाऊ मूळ घरी जमतात. त्या घरात गणपती बसला की ते घर पुन्हा घर होतं. दिवाळीच्या सुमाराला माणूस हिशेब मांडायला बसतो. तुमच्या बैठकीतली शांतता त्या हिशेबाची आहे.

तो हिशेब मला नीट कळला डिचोलीच्या बाजूच्या एका वाड्यावर. मांडावर, म्हणजे वाड्याच्या सामाईक अंगणात, बैठक होती. आम्ही नकाशा लावला होता, प्लॉटचे आकडे, रस्ता, नळ, सगळं तयार. लोक माना डोलावत होते. उठायच्या वेळी गडग्यावर बसलेले एक म्हातारे गृहस्थ, जे तोवर चकार शब्द बोलले नव्हते, म्हणाले, "आमी वयर गेल्यार सकयल कोण येतलो?" आम्ही वर गेलो तर खाली कोण येणार. मी दोन तास नव्या जागेबद्दल बोलले होते. जुन्या जागेबद्दल माझ्याकडे एक वाक्यही नव्हतं. मी काहीतरी "ते सरकार ठरवील" असं पुटपुटले, आणि मांड रिकामा झाला. त्यानंतरच्या बैठकीला सात माणसं होती, त्यातले चार आमचेच.

गोव्यात हा प्रश्न हवेतला नाही. ज्या काठावर राहणं धोक्याचं म्हणून कुळाला समजावायला आपण जातो, त्याच काठावर थोडं पुढे नदी दिसणाऱ्या बंगल्यांचा फलक लागलेला असतो. लोकांना डोळे आहेत. आपल्याला पुराच्या नावाने वर काढतील, भराव घालतील, आणि दहा वर्षांनी आपल्याच तुळशीच्या जागी कोणाचा तरी पोहण्याचा तलाव होईल, हा संशय बैठकीत कोणी बोलून दाखवत नाही. पण तो तिथेच बसलेला असतो. म्हणून माझं एकच सांगणं आहे, बाकी सगळं त्याच्या मागून येतं: जुन्या जागेचं काय होणार ते आधी ठरवा, लिहून घ्या, आणि मगच नवी जागा दाखवा.

सुरुवात तलाठ्याकडून करा. ३४ घरांचे एक-चौदाचे (जमिनीच्या नोंदीचे) उतारे आणि सर्व्हे प्लॅन काढा. मी पैज लावते, निम्म्याहून जास्त घरं दुसऱ्याच्या नावच्या जमिनीवर निघतील. कोणी भाटकाराचा मुंडकार असेल, म्हणजे जमीनमालकाच्या जमिनीत घर करून राहणारा, कोणाचं घर आल्वारा किंवा मोकाशाच्या, म्हणजे जुन्या काळी सरकारने दिलेल्या जमिनीत असेल, कोणाकडे घरपट्टीच्या पावतीपलीकडे कागद नसेल. या प्रत्येकाची भीती वेगळी आहे आणि त्या सगळ्यांना एका बैठकीत एकच भाषण देऊन उपयोग नाही.

मुंडकाराचं उदाहरण घ्या. १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्याला घरातून हुसकावण्यापासून संरक्षण दिलं, घराखालची आणि घराभोवतीची ठरावीक जमीन विकत घेण्याचा हक्कही दिला. पण हा सगळा हक्क तो तिथे राहतो यावर उभा आहे. "घर सोडलं की हक्क सुटला" हे त्याच्या घरात तीन पिढ्या सांगितलं गेलंय, आणि ते खोटं नाही. त्यातून मामलेदारासमोर केस चालू असेल तर विचारायलाच नको. अशा माणसाने तुमच्या प्लॉटसाठी घराला कुलूप लावलं, तर समोरच्या वकिलाच्या हातात आपण आयता मुद्दा दिला. तो बैठकीत गप्प बसतो ते शहाणपणाने.

यावर वाट आहे, पण ती लांबची आहे. ज्यांची मुंडकार म्हणून नोंद झालेली नाही त्यांची नोंद आधी करून घ्या. ज्यांना घराची जमीन विकत घेता येईल त्यांची खरेदी आधी पुरी करा, त्यासाठी पंचायतीने मामलेदाराकडे एकत्र पाठपुरावा करावा. ३४ जणांनी ३४ वेळा जाण्यापेक्षा सरपंच फाइलींचा गठ्ठा घेऊन गेलेला बरा. भाटकार पणजीत असो, मुंबईत असो की पोर्तुगालात, त्याला दुसऱ्याच बैठकीला निमंत्रण द्या. शेवटी बोलावलात तर तो नोटीस घेऊनच येईल.

पंचायती आणि अधिकारी बहुतेक वेळा असं करतात की प्लॉट द्यायचा आणि जुनी जागा काढून घ्यायची. कागदावर ते नीटनेटकं दिसतं. माझं मत उलटं आहे. जमीन कुटुंबाकडे राहू द्या, घर तेवढं हलवा. खालच्या जागेत कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग राहील, भाजी राहील, अवजारं ठेवायला मांगर राहील. राहतं घर मात्र पुन्हा उभं राहणार नाही, ना त्यांचं, ना भाटकाराचं, ना त्याच्याकडून विकत घेणाऱ्याचं. ही अट तिन्ही बाजूंनी सही केलेल्या करारात हवी, उताऱ्यावर तिची नोंद हवी, आणि त्या पट्ट्यात बांधकाम होऊ नये यासाठी ग्रामसभेचा ठराव नगरनियोजन खात्याकडे गेलेला हवा. यातली शेवटची गोष्ट सर्वांत अवघड. पण "खाली कोण येतलो" याचं "कोणीच नाही" हे उत्तर शिक्क्यानिशी दाखवता आलं, की तुमची पुढची बैठक भरलेली असेल.

जमिनीची अदलाबदल चाललेली उदाहरणं जगात आहेत. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमध्ये ग्रँथम नावाचं छोटं गाव जानेवारी २०११ च्या पुरात उद्ध्वस्त झालं. तिथल्या कौन्सिलने शेजारची उंचावरची जमीन विकत घेतली आणि ज्याला हवं त्याला खालच्या जमिनीच्या बदल्यात वरची दिली. सक्ती नव्हती. वर्षाच्या आत पहिली कुटुंबं वर राहायला गेली. पण तिथे प्रत्येकाकडे आपल्या नावाचा स्वच्छ कागद होता. आपल्याकडे एका घरावर पाच भावांचा, दोन आत्यांचा आणि एका भाटकाराचा हात असतो. ग्रँथमची नक्कल करायला जाल तर पहिली पाच वर्षं वारस शोधण्यात जातील.

वारसांवरून आठवलं. आपल्याकडे पोर्तुगीज काळापासूनचा समान नागरी कायदा आहे आणि त्यात साधारणपणे नवरा-बायको मालमत्तेचे निम्मे-निम्मे मालक. बाहेरचे तज्ज्ञ येतात आणि "प्लॉट महिलेच्याही नावावर करा" असं मोठा शोध लावल्यासारखं सांगतात. आपल्याकडे तो अर्धा हिस्सा मुळातच आहे, फक्त बैठकीला सही करायला नवराच येतो. दोघांच्या सह्यांशिवाय एकही संमतिपत्र घेऊ नका. आणि मूळ घरात वाटा असलेल्या, पण तिथे न राहणाऱ्या भावंडांना लेखी कळवा की वरचा प्लॉट घेतल्याने खालच्या घरातल्या त्यांच्या वाट्याला धक्का लागत नाही. हे एक पत्र पाठवलं नाही म्हणून कुटुंबंच्या कुटुंबं अडून बसलेली मी पाहिली आहेत. नकार गावातून येत नव्हता, वास्कोहून फोनवरून येत होता.

आता जुन्या जागेची दुसरी बाजू, देवाची आणि माणसांची. सांगे तालुक्यातलं कुर्डी तुम्हाला माहीत असेल. साळावली धरणासाठी ते आणि आसपासची गावं १९८० च्या दशकात उठली, लोक वाडे आणि वालकिणी या ठिकाणी वसवले गेले. मोगूबाई कुर्डीकरांचं हे गाव. तिथलं महादेवाचं प्राचीन दगडी मंदिर पुरातत्त्व खात्याने उतरवून धरणाजवळ पुन्हा उभं केलं. दगडाला दगड जुळवायची ती काळजी पाहिली की मला नेहमी वाटतं, शेजाऱ्याला शेजारी जुळवायला कोणी बसलं होतं का? दर मे महिन्यात पाणी खाली जातं, गाव वर येतं, आणि लोक सोमेश्वराच्या उत्सवाला, चॅपेलच्या फेस्ताला तिथे जातात. विखुरलेले शेजारी वर्षातून एकदा त्या भेगाळलेल्या चिखलावर भेटतात. ज्या धरणासाठी गाव गेलं त्याचं पाणी वाडेच्या नळांना धड येत नाही, ही तक्रारही वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांतून येत राहिली.

कुर्डीचे लोक धरणाने उठवले, तुमचे पुराने उठतील, हा फरक मोठा आहे. तुमची जुनी जागा कायमची बुडणार नाही. वर्षातले अकरा महिने ती कोरडी, हिरवी आणि हाकेच्या अंतरावर असेल. म्हणून तिथला मांड, धालोंची (बायकांच्या नाच-गाण्यांची) जागा, राखणदाराचा दगड, सातेरीचं वारूळ यांना हात लावू नका. वारूळ हलत नाही, त्यावर चर्चाही नको. वर जाणाऱ्यांची पौषातली धालो खालच्या मांडावरच होतील, शिगमो खालूनच निघेल, हे ठरावात लिहा. अधिकाऱ्याला ते विचित्र वाटेल. लिहाच.

यानंतर प्रश्न येतो नक्की कोणाला हलवायचं. ३४ च्या ३४ घरांना हलवायची गरज असेल असं तुमच्या वर्णनावरून मला वाटत नाही. २०२१ च्या पाण्याची रेघ प्रत्येक भिंतीवर रंगाने मारून घ्या; अजून चार-पाच वर्षांनी ती आठवणीतून सरकायला लागेल. शाळेच्या मुलांना बांबूची काठी आणि टेप द्या, एका शनिवारात काम होतं. पण नुसती उंची पुरत नाही. पाणी किती वेळात चढलं, आणि घर आधी बुडतं की बाहेर पडायची वाट आधी बुडते, हे विचारा. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. २०२१ ला सत्तरीत पैकुळचा पूलच वाहून गेला, ते आठवा. घरात फक्त गुडघाभर पाणी, पण वाट ओहळातून, असं कुटुंब खिडकीभर पाणी येणाऱ्या आणि मागच्या दाराने डोंगर चढू शकणाऱ्या कुटुंबापेक्षा जास्त धोक्यात आहे.

आणि भरती विसरू नका. समुद्राची भरती म्हादईतून थेट गांजे गावापर्यंत, मुखापासून जवळजवळ ५० किलोमीटर आत येते. २३ जुलै २०२१ ला पूर आला त्याच्या दुसऱ्या दिवशी गुरुपौर्णिमा होती, म्हणजे उधाणाचे दिवस. घाटात कोसळलेलं पाणी खाली उतरतंय आणि समोरून भरती त्याला अडवतेय, अशात खालच्या अंगाच्या गावांत पाऊस थांबल्यावरही पाणी चढत राहतं. तुमचा वाडा भरतीच्या टप्प्यात आहे की वर, हे जुन्या होडीवाल्याला विचारा, पाच मिनिटांत कळेल. भरतीच्या टप्प्यातल्या काही घरांना पंचांग आणि पावसाचा अंदाज दोन्ही बघून आधी हलवता येतं. तिळारी धरणाचं पाणी सोडल्यावर २०१९ च्या ऑगस्टमध्ये साळ, इब्रामपूर या गावांची जी दैना झाली, तिथेही मुख्य दुखणं वेळेवर सूचना मिळण्याचं होतं. सूचनेने जे सुटतं त्यासाठी घर हलवू नये. साखळीच्या बाजारात भिंती आणि पंप आहेत, बाजार कोणी हलवला नाही, बरोबरच केलं.

तेव्हा कदाचित तुमच्याकडे १२-१४ घरं खरोखर हलवायची असतील, आठ-दहांचं जोतं उंच करून भागेल आणि उरलेल्यांना वाट व सूचना पुरेल. ही वाटणी तुम्ही किंवा इंजिनिअरने बंद खोलीत करू नका. भिंतीवरच्या रेघा घेऊन वाड्याने स्वतः करावी. आपलं नाव यादीत का आलं, हे ज्याला शेजाऱ्यासमोर समजलंय तो नंतर भांडत नाही. एक सावधगिरी मात्र ठेवा: १२ घरं वर गेली की खालच्या २२ घरांची बस, अंगणवाडी, रस्त्याचे दिवे टिकतील का, हे ती २२ घरं विचारणारच.

नव्या जागेबद्दल थोडक्यात लिहिते, कारण यावर माहिती देणारे पुष्कळ भेटतील. सत्तरीत सरकारी जमीन म्हणजे मोकळी जमीन नव्हे. १९९९ मध्ये म्हादई अभयारण्य जाहीर झालं आहे, शिवाय बरंचसं सरकारी क्षेत्र वनखात्याचं आहे. वनजमीन निघाली तर केंद्राच्या मंजुरीशिवाय कुदळही मारता येणार नाही. खासगी जमीन घेणार असाल तर भू-महसूल कायद्याच्या कलम ३२ खालची रूपांतर सनद लागेल. जागा मे महिन्यात पाहा, विहिरीत डोकावा. आमच्या एका कामात सड्यावर सुंदर प्लॉट पाडले होते, वारा छान, नजारा छान. मार्चपासून टँकर. दोन वर्षांत निम्मी दारं बंद झाली, माणसं परत काठावर. ती जागा निवडणाऱ्यांत मीही होते, आम्ही ती डिसेंबरात पाहिली होती. मग जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसात पुन्हा पाहा, डोंगराचं पाणी कुठून उतरतं ते. उतार कापून केलेल्या सपाटीच्या पायथ्याशी घर नको, आणि पिसुर्ले-डिचोलीसारख्या भागात खाणीच्या मातीच्या ढिगाऱ्याखाली तर नकोच. पुरातून काढून दरडीखाली नेलं असं व्हायला नको.

अंतराचा नियम माझ्यापुरता साधा आहे. कुळागरात माकडं शिरली हे वरच्या घरातून ऐकू आलं पाहिजे, निदान पंधरा मिनिटांत खाली पोचता आलं पाहिजे. त्यापलीकडे गेलात की घर वर आणि माणूस खाली, हे ठरलेलं. कोल्हापूरजवळ प्रयाग चिखली आणि आंबेवाडी या गावांना १९८९ च्या पुरानंतर सोनतळीला जागा दिली गेली. पण शेती नदीकाठी, गुरं नदीकाठी. २०१९ ला आणि २०२१ ला त्या गावांत पुन्हा पाणी होतं, पुन्हा बोटी होत्या.

घर आखण्याचं काम मात्र मन लावून करा, इथे बायका बोलतात. मी एक गोष्ट हमखास करते. नकाशा कोणाला दाखवत नाही. मैदानात चुन्याने खऱ्या मापाचं घर आखते, भिंती, दारं, सगळं, आणि बायकांना म्हणते, आता यात एक सकाळ घालवा. एकदा एक वहिनी चुन्याच्या स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या, काल्पनिक चूल पेटवली, काल्पनिक कळशी घेऊन न्हाणीकडे निघाल्या आणि मध्येच थांबल्या. न्हाणीला जायचं तर पुढच्या खोलीतून, पाहुण्यांसमोरून. इंजिनिअरने मागचं दारच दिलं नव्हतं. मग एकेक सुरू झालं. जळाऊ लाकडं पावसाआधी कुठे रचायची? पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, कुठे ठेवायचं? सुपारी वाळत घालायला अंगण कुठे आहे, गच्चीवर कोण चढणार या वयात? गोठा घरापासून किती पावलं? तासाभरात आमच्या नकाशाचं काही उरलं नाही. त्या इंजिनिअरला राग आला होता, पण तो माणूस चांगला, त्याने नंतर स्वतः फक्की उचलली.

बायकांची बैठक वेगळी घ्या. ग्रामसभा रविवारी असते, त्या मागच्या रांगेत बसतात आणि जेवणाच्या वेळेला उठून जातात. स्वयंसाहाय्य गटाच्या दिवशी तुम्ही त्यांच्याकडे जा.

आता माझी सर्वांत महाग पडलेली चूक. प्लॉटवाटपाला आम्ही चिठ्ठ्या टाकल्या, पारदर्शक म्हणून. एका मुलीने डोळे मिटून चिठ्ठ्या काढल्या, टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. संध्याकाळी लक्षात आलं की दोन जावा, ज्यांच्या घरांना एकच भिंत होती आणि ज्या एकमेकींची मुलं सांभाळून काजूच्या कामाला जात होत्या, त्या वसाहतीच्या दोन टोकांना गेल्या. एका आंधळ्या काकांचा हात धरणारा शेजारी तिसऱ्या ओळीत गेला. हीच गोष्ट मी नवखी असताना किल्लारीच्या भागात पाहिली होती. १९९३ च्या भूकंपानंतर तिथे ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी वसवली, रुंद रस्ते, सरळ रेषा, आणि त्या सरळ रेषांत भावकी हरवली. पाहूनही मी शिकले नव्हते. आता चिठ्ठी टाकायचीच तर गटांची टाकते. चार-पाच घरांनी आपापले शेजारी निवडून गट बांधायचा, गटाला एक तुकडा मिळतो, तुकड्याच्या आत कोण कुठे ते त्यांनी ठरवायचं. भांडणं होतात. ती घराच्या आतली भांडणं असतात, मिटतात.

पैशाचं आणि कायद्याचं. पूरग्रस्त म्हणून मिळणारी मदत आणि स्थलांतराचा खर्च यांची गल्लत करू नका. आपत्ती प्रतिसाद निधीतून पूर्ण पडलेल्या घरासाठी सपाट भागात १ लाख २० हजार रुपये असा केंद्राचा २०२२-२३ ते २०२५-२६ साठीचा दर होता. तो घर पडलं तर आणि पडल्यावर. उभं घर धोक्यातून हलवायला तो उपयोगी नाही. त्यासाठी राज्याचा आपत्ती सौम्यीकरण निधी आहे, आपत्तीसाठी राज्याला मिळणाऱ्या एकूण रकमेतला २० टक्के हिस्सा त्याचा. प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जातो. बरोबर भिंतीवरच्या रेघांचे फोटो जोडा, त्यांचा परिणाम अहवालापेक्षा जास्त होतो. आदिवासी कुटुंबं असतील तर अटल आसरा योजना वेगळी पाहा. केरळने किनाऱ्यापासून ५० मीटरच्या आत राहणाऱ्या मच्छीमारांना जमीन आणि घर मिळून १० लाख रुपये देऊन जागा स्वतः शोधायला सांगितलं. त्या पद्धतीत वाडा फुटतो, पण काही कुटुंबांना तेच हवं असतं. तुमच्या ३४ मध्ये वाळपईला बिऱ्हाड करायला उत्सुक दोघे-तिघे निघतील. त्यांना अडवू नका.

पुरामुळे हलणाऱ्यांसाठी स्वतंत्र पुनर्वसन कायदा नाही. २०१३ चा भूसंपादन कायदा जमीन घेतली जाते तेव्हा लागू होतो, तुमच्याकडे बहुधा होणार नाही. पण त्याच्या तिसऱ्या अनुसूचीत नव्या वसाहतीत काय काय असायला हवं याची लांबलचक यादी आहे: रस्ते, गटारं, पिण्याचं पाणी, गुरचरण, रेशन दुकान, स्मशान, अंगणवाडी, देवस्थान. ती जशीच्या तशी उचला, न लागणारं खोडा, आणि ग्रामसभेच्या ठरावात घाला. समोरच्या टेबलावरचा माणूस "हे कुठून आणलं" म्हणाला की "संसदेतून" असं सांगता येतं. नळाला पाणी आणि मीटरला वीज आल्याशिवाय कोणी वर जाणार नाही, हेही त्यातच.

हलायचं कधी, तर तुळशीच्या लग्नानंतर आणि शिगम्याच्या आत. पावसाळ्याच्या तोंडावर कोणालाही वर नेऊ नका. पहिल्याच जूनमध्ये छप्पर गळलं तर दोष पुनर्वसनाला लागतो आणि तो पुसला जात नाही. सुरुवात दोन गटांपासून करा, आठ-नऊ घरं. त्यांचा एक पावसाळा आणि एक चवथ वर होऊ दे. मूळ घरचा गणपती कुठे बसणार यात मात्र तुम्ही पडू नका. कोणी वर आणेल, कोणी अजून काही वर्षं खालीच बसवेल. भाद्रपदात नदी भरलेली असते, पण त्यांना नदी तुमच्यापेक्षा जास्त कळते.

आणि त्या आजी. त्यांना समजावायला माणसं पाठवणं आधी बंद करा, मला वाटतं आतापर्यंत पाच-सहा जण जाऊन आले असतील आणि प्रत्येकाने चहा पिऊन त्यांना मरणाची भीती घातली असेल. त्यांच्या मुलाचं किंवा पुतण्याचं घर पहिल्या गटात घ्या आणि त्यात एक खोली अशी आखा की तिचं दार अंगणात उघडेल, पायरी एकच असेल. आजींना म्हणा, घर तुमचं आहे, चूल तुमची आहे, कोणी काढत नाही. फक्त मृगापासून नवरात्रापर्यंत झोपायला वर या, सकाळी सोबतीला नातू देतो, खाली जाऊन तुळशीला पाणी घाला. आमच्याकडच्या एक आजी अशाच तीन पावसाळे खाली-वर करत होत्या. चौथ्या वर्षी ऑक्टोबरात त्यांनी नातवाकडून तुळशीची माती घमेल्यात भरून वर आणवली. घमेलं जड झालं म्हणून त्याने थोडी वाटेत सांडली, तर त्याला परत पाठवून ती गोळा करायला लावली.